व्हॅनमधला वास

नेगेवच्या वाळवंटातल्या ओफाकिम गावाहून कारखान्याला जाणाऱ्या पांढऱ्या व्हॅनमध्ये त्या उन्हाळ्यात असा वास सुटला होता की राहेल चढतानाच तोंडाला स्कार्फ लावायची. गोडसर, डोक्यात चढणारा वास. दुपारी परतताना तर विचारूच नका. नेगेवच्या उन्हात दिवसभर बंद उभी असलेली गाडी उघडली की घशाशी यायचं.

एका सकाळी तिला आवरलंच नाही. ड्रायव्हर सायमनने गाडी कडेला घेईपर्यंत ती स्वतःच्या मांडीवर ओकली. मागच्या बाकावरच्या बायकांनी नाकं धरली.

"ह्या भारतातल्या लोकांचं जेवणच तसलं," एकजण हिब्रूत म्हणाली, आणि बाकीच्या हसल्या.

राहेल रुमालाने स्कर्ट पुसत राहिली. शेजारी बसलेली शुलामिथ, तिच्यासारखीच कोकणातली ज्यू, मुंबईमार्गे इथं आलेली, खिडकीबाहेर बघू लागली.

दुसऱ्या दिवशी व्हॅनच्या दारावर कागद चिकटवलेला होता. उग्र वासाचे डबे गाडीत आणायचे नाहीत. खाली सही बेझालेलची.

बेझालेल कारखान्याच्या गाड्यांचा प्रमुख होता. पण राहेलला तो त्याच्या चड्डीच्या वयापासून ठाऊक होता. त्याची आई सॅली आणि राहेल ओफाकिमला एकाच वेळी आल्या. सुरुवातीला दोघींत मिळून एकच स्टोव्ह होता. तांदळाची भाकरी आणि लसणाची चटणी हा पोरगा राहेलच्या पुढ्यात बसून बोटं चाटत खायचा. सॅली गेल्यावर त्याने जुन्या ओळखी सोडल्या. कारखान्यात तो फक्त हिब्रूत बोलायचा आणि राहेलला नुसतं नावाने हाक मारायचा.

ती त्याच्या ऑफिसात गेली. "वास पेट्रोलचा हाय, बेझालेल," ती मराठीत म्हणाली. "सायमनला पण येतो."

त्याने हिब्रूतच उत्तर दिलं. "गॅरेजवाल्याने सगळं तपासलंय. टाकी गळत नाही, नळी फुटलेली नाही. टाकीची वाफ इंजिनात सोडणारा एक व्हॉल्व्ह असतो, तोही टिकटिकतोय. गाडी ठीक आहे."

"मग मला ओकारी कशानं झाली?"

"ते तुमच्या डॉक्टरला विचारा." एवढं बोलून तो उठला आणि त्याने मागची खिडकी उघडली. बाहेर रणरणतं ऊन, आत एसी चालू. खिडकी तिच्या वासासाठी उघडली ते तिला कळलं. अंगावर झुरळ चढावं तशी ती शहारली आणि बाहेर पडली.

राहेलची मुलगी ओरीत सैन्यात असताना गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये होती आणि आता बेरशेवाच्या कॉलेजात मोटार-तंत्र शिकत होती. आईने सांगितलेलं ऐकून ती नुसती म्हणाली, "ईमा, शुक्रवारी गाडी कुठं असते?"

शुक्रवारी सुट्टी, गाडी सायमनच्या दारात होती. ओरीतने कॉलेजातून आणलेलं छोटं यंत्र स्टिअरिंगखाली जोडलं आणि इंजिन चांगलं गरम होऊ दिलं.

"टाकीतली वाफ कोळशाच्या डब्यात साठते," ती सायमनला सांगू लागली, अर्धं मराठी, अर्धं हिब्रू. "व्हॉल्व्ह उघडला की इंजिन ती ओढून घेतं आणि जाळतं. नाही उघडला तर डबा भरतो, आणि वाफ बाहेर पडते."

"पण व्हॉल्व्ह टिकटिकतो ना गं?"

"टिकटिकतो म्हणजे वीज पोचते. वाफ आत जाते की नाही ते त्यावरून कसं कळणार?"

"मग नवीन मीटर लावायला पाहिजे."

"नको. गाडीत आहे तेवढं पुरे. धुराच्या नळीत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो. वाफ इंजिनात गेली की धुरातला ऑक्सिजन लगेच घटतो. मी व्हॉल्व्हला उघड म्हणते, आपण सेन्सर काय बोलतो ते बघू."

तिने बटण दाबलं. बॉनेटखाली टिकटिक सुरू झाली. पडद्यावरचे आकडे होते तसेच राहिले. तिने बंद केलं, पुन्हा उघडलं. काही नाही.

"सेन्सरच बिघडला असेल," सायमन म्हणाला.

तेव्हा तिने व्हॉल्व्ह बाजूला काढून डब्याची नळी सरळ इंजिनाच्या नळीला जोडली. इंजिन खोकलं, आकडे एकदम हलले. सेन्सर शाबूत होता. व्हॉल्व्ह उलटा करून आपटल्यावर त्यातून काळा, चिकट गाळ पडला. डब्यातला कोळसा फुटून आत जाऊन बसला होता.

राहेल वाकून तो गाळ बघत होती. "आणि मेला म्हणतो लसूण," ती पुटपुटली.

रविवारी, आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, सायमनने व्हॉल्व्ह कापडात गुंडाळून कारखान्यात नेला. जेवणाच्या सुट्टीत त्याने तो बेझालेलच्या पुढे धरला आणि ओरीतने काय केलं ते सांगितलं. राहेल शेजारी उभी होती. आजूबाजूच्या टेबलांवर व्हॅनमधल्या बायका जेवत होत्या.

बेझालेलने गाळ पाहिला. मग तो राहेलच्या जवळ सरकला आणि हळू आवाजात, चक्क मराठीत म्हणाला, "मावशी, झालं ते झालं. बायकांसमोर कशाला वाढवता? नवीन व्हॉल्व्ह बसवतो मी."

इतक्या वर्षांनी मराठी ऐकली ती अशी. राहेलला खिडकी उघडली तेव्हा आली त्याहून जास्त शिसारी आली.

"येते होय तुला अजून?" ती म्हणाली. "मग हेच हिब्रूत बोल. मोठ्यानं. वास गाडीचा होता म्हणून सांग त्यांना."

त्याने टेबलांकडे एक नजर टाकली, हसला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने खांदा झटकला. मग आपल्या मोडक्यातोडक्या हिब्रूत तीच बोलली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "वास गाडीचा होता. आमचा नव्हता."

एकीने मान हलवली. दुसरीने सँडविचचा घास घेतला.

त्या आठवड्यात नवा व्हॉल्व्ह आणि डबा बसला, कागद कुणीतरी काढून टाकला, वास गेला. बायका म्हणू लागल्या, बेझालेलने गाडी किती छान करून दिली. ओरीतचं नाव कुणी घेतलं नाही.

"पोरगा चांगला हाय गं," शुलामिथही म्हणाली. "आपल्यातलाच. चूक झाली, केली ना दुरुस्त?"

"चूक व्हॉल्व्हची होती," राहेल म्हणाली. "ह्याने केलं ती चूक नव्हती. त्याला ठाऊक होता आपल्या जेवणाचा वास कसा असतो. आमच्या घरात जेवलाय तो."

पुढं बेझालेलच्या मुलाचं बार मित्झवा, तेराव्या वर्षीचा धार्मिक सोहळा, अश्केलोनला होतं. ओफाकिममधल्या कोकणातून आलेल्या सगळ्यांना बोलावणं होतं. शुलामिथ नवी साडी नेसून राहेलला न्यायला आली. राहेल घरच्या कपड्यातच होती.

"चल ना गं. मुलाचा काय दोष?"

"मुलाचा काही नाय. त्याला माझा आशीर्वाद सांग." राहेलने दार धरून ठेवलं होतं. "पण त्याच्या बापानं पुढं केलेलं ताट माझ्या घशाखाली उतरायचं नाय. तू जा. उशीर होतोय."