मेबलची हाक

मला राग आला की मी ओरडत नाही, अडथळ्यांच्या शर्यतीतले हर्डल उचलते. एकेक उचलायचा, हातगाडीवर रचायचा, पुढचा उचलायचा. मे महिन्यातल्या त्या शनिवारी मी अख्ख्या मैदानाचे हर्डल उचलले, तेही दुसऱ्याच्या कॉलेजातल्या मैदानाचे. तिथली स्वयंसेवक मुलं बाजूला उभी राहून बघत होती. कुणी मला थांबवलं नाही, आणि ते शहाणपणाचंच होतं.

पण हे सगळं सांगायचं तर मेबलपासून सुरुवात करावी लागेल. मेबल म्हणजे आमची व्हॅन. कॉलेजची बस बाकीच्या टीमला घेऊन जाते. रिलेच्या चार पोरी, गोळे, थाळ्या, भाले आणि मी असा सगळा पसारा मेबलमध्ये भरतो. तेरा वर्षांपूर्वी कर्नी गावाच्या अलीकडे एका पेट्रोल पंपावर ही बया बंद पडली. बाहेर गारा पडत होत्या. मी किल्ली फिरवून फिरवून दमले आणि तोंडाला येईल ते बोलत होते. मागच्या सीटवर मार्ला बसली होती, मार्ला व्हर्बेक, तेव्हा दुसऱ्या वर्षाला, नाकभर ठिपके आणि जिभेला हाड नाही.

ती म्हणाली, "कोच, तुम्ही तिला नुसत्या शिव्या देताय. एकदा प्रेमानं हाक तर मारा."

"काय नावानं मारू? माझ्या सासूच्या?"

"तुमच्या सासूचं नाव काय?"

"मेबल."

मग काय, पोरींना निमित्तच हवं होतं. चौघींनी एका दमात "मेबल!" अशी आरोळी ठोकली, मी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली. त्या दिवसापासून पायंडाच पडला. किल्ली लावायची, सगळ्यांनी हाक मारायची, मग फिरवायची. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या अंत्यविधीहून निघतानाही पोरींनी हाक मारली होती, आणि माझा नवरा रडता रडता हसला होता.

त्याच मोसमात मार्लानं तो शब्द रिलेत आणला. चार बाय शंभरच्या रिलेत बॅटनची दांडी घेणारी पोरगी मागे वळून बघत नाही. ती पुढे तोंड करून जीव खाऊन पळत सुटते. मागची जवळ आली की एक शब्द ओरडते, तो कानावर पडला की पुढचीनं हात मागे करायचा, बस. आवाज कुणाचा आहे हे ओळखायला वेळ नसतो, शब्द तेवढा ओळखायचा असतो. बहुतेक कॉलेजांच्या पोरी "स्टिक" म्हणून ओरडतात, आणि आठ लेनमध्ये आठजणी एकच शब्द ओरडल्या की नुसता गोंधळ. आमचा शब्द झाला मेबल. साऱ्या नेब्रास्कात दुसरं कुणी तो ओरडणं शक्य नव्हतं.

मार्ला पदवी घेऊन गेली, दोन वर्षांनी माझी सहायक म्हणून परत आली आणि नऊ वर्षं राहिली. बेचाळीस खेळाडू आणि आम्ही दोघी. मार्चमध्ये ट्रॅकवरचा बर्फ आम्हीच फावड्यानं काढायचो. मंगळवारी दुपारपर्यंत कोण काय पळणार याच्या याद्या पाठवायच्या, गुरुवारी गाडी भरायची, शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी पोरांची दुखणी ऐकायची, की सोमवार आलाच. उंच उडीची गादी वाऱ्यानं उडाली तर तिच्यावर जाऊन बसायचं कामही आमचंच. तिच्याशिवाय मी एक मोसम काढीन असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

आणि या वर्षी मोसम सुरू होऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच ती गेली. नदीपलीकडच्या कॉलेजातल्या कोचनं तब्येतीमुळे अचानक काम सोडलं, आणि त्यांनी मार्लाला मुख्य कोच म्हणून बोलावलं. मंगळवारी याद्या भरताना तिनं मला सांगितलं. डोळे भरून आले होते तिचे. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही, खरंच नाही आला. पोरगी पुढे जाते, तिला कशाला अडवायचं? शिफारशीचं पत्रही मीच लिहिलं. त्यात लिहिलं होतं की हिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवा. ते वाक्य आता आठवलं की माझे कान गरम होतात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आयोन माझ्याकडे आली. आयोन लिंडग्रेन, शेवटच्या वर्षाची, आमची शेवटच्या टप्प्याची धावपटू. या पोरीचं नशीब असं की तीन वर्षं राष्ट्रीय स्पर्धेच्या दारापर्यंत जाऊन परत आली होती. एकदा मांडीचा स्नायू गेला, एकदा टीम दोन शतांश सेकंदांनी मागे पडली, एकदा पावसानं शर्यतच रद्द झाली. राष्ट्रीय स्पर्धेला देशातल्या सगळ्यात जलद सोळा टीम घेतात. या वर्षी आम्ही अठरावे होतो, फक्त पाव सेकंद कमी करायचा होता, आणि ही तिची शेवटची संधी होती.

"कोच, आपण शब्द बदलू या का?" ती म्हणाली.

"का गं? मेबलनं काय घोडं मारलंय तुझं?"

"मार्ला कोचना तो माहीत आहे."

"मग? तिनंच तर काढलाय."

"म्हणूनच म्हणतेय. त्यांच्या पोरी आपल्या शेजारच्या लेनमध्ये आल्या तर?"

मी तिच्यावर भडकले. "मार्ला आपल्या घरातली आहे. ती काय भुरटी चोर आहे, शब्द चोरायला? मोसमाच्या मध्यात शब्द बदलला तर तुमच्याच हातांची सवय मोडेल. जा, पळ दोन चकरा, डोकं थंड होईल."

ती गेली. दोन चकरा पळालीसुद्धा, कारण आयोनला उलट बोलायची सवय नाही. सहायक गेला की कोच पहिल्या दिवशी शब्द बदलतो. हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल, मलाही ठाऊक होतं. बदलला असता तर मार्लावर संशय घेतल्यासारखं झालं असतं, आणि ते माझ्याच्यानं होईना.

आमच्या गटाची स्पर्धा मेच्या दुसऱ्या आठवड्यात होती, आणि त्या रविवारी राष्ट्रीय यादी बंद होणार होती. शुक्रवारी प्राथमिक फेऱ्या झाल्या. नदीपलीकडच्या पोरी वेगळ्या फेरीत होत्या. मी मुद्दाम कुंपणाला टेकून कान देऊन ऐकलं. त्या "टायगर" म्हणून ओरडल्या. माझा जीव भांड्यात पडला, आणि मी आयोनला गाठून टोमणा मारायची संधी सोडली नाही.

"ऐकलंस? टायगर. आता मागशील माफी मार्लाची?"

"मागते, कोच," आयोन हसून म्हणाली. "राष्ट्रीय स्पर्धेत पोचलो की पत्र लिहून मागते."

मार्लाही दुपारी भेटली. लाल जॅकेट घातलं होतं. तिनं मला मिठी मारली, मेबल कशी आहे विचारलं, तिचा डावा आरसा अजून चिकटपट्टीवरच आहे का ते विचारलं. मी तिला माझ्या डब्यातलं अर्धं टर्की सँडविच दिलं. अगदी आपल्या पोरीला द्यावं तसं दिलं.

शनिवारी सकाळी अंतिम फेरीच्या लेन लागल्या. आम्ही चौथ्या, त्या पाचव्या. ऊन छान होतं, वारा पाठीशी होता. अशा दिवशी पाव सेकंद म्हणजे काहीच नाही. मी बॅटनच्या शेवटच्या बदलापाशी कुंपणाला उभी राहिले. तिथं आठही लेनच्या शेवटच्या पोरी एका ओळीत, हाताच्या अंतरावर उभ्या असतात. आयोननं ट्रॅकवर लावलेल्या चिकटपट्टीच्या खुणेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून भुवई उडवली.

पहिले दोन बदल लोण्यासारखे झाले. तिसऱ्या टप्प्याला आमची केन्ना वळणावर अशी काही सुटली की मी घड्याळ बघायचं विसरले. पाचव्या लेनमधली लाल जर्सीवाली तिच्यापुढे होती, पण दोनतीन पावलंच. केन्ना खुणेवर आली आणि आयोन सुटली.

"मेबल!"

आयोनचा हात मागे गेला. पण हाक केन्नाची नव्हती. पाचव्या लेनमधून आली होती. केन्ना अजून तीन मीटर मागे होती. हात मागे धरून कुणी वेगात पळू शकत नाही. आयोन मंदावली, केन्नानं हाक मारायला तोंड उघडलं तोवर ती आयोनच्या पाठीवर जाऊन आदळली, बॅटन आयोनच्या कोपरावर आपटलं आणि घरंगळत तिसऱ्या लेनमध्ये गेलं. केन्ना पडली. आयोन पडली नाही. ती तिथंच उभी राहिली, हात अजून मागे, पंजा उघडा. लाल जर्सीवाल्या पोरी पुढे जिंकत होत्या आणि ही कुणी काहीतरी हातात देईल म्हणून उभी होती. असं माझ्या शत्रूच्याही पोरीचं होऊ नये.

मी पंचांकडे गेले. म्हातारा भला माणूस, वीस वर्षं ओळखीचा. त्यानं हॅट काढून डोकं खाजवलं.

"शब्द कुठल्या कागदावर नोंदवलेला असतो का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"त्यांनी तुमच्या लेनमध्ये पाय टाकला?"

"नाही."

"मग मी काय करू सांग. कुणी काय ओरडावं याचा नियम नाही."

मी परत फिरले तर समोर लाल जर्सीतली एक पोरगी उभी. पहिल्या वर्षाची असावी, दातांना तारा लावलेल्या. तिनंच हाक मारली होती. रडून रडून नाक लाल झालं होतं तिचं.

"मॅम, सॉरी," ती म्हणाली. "तो तुमचा शब्द आहे हे मला माहीत नव्हतं. आत्ता कुणीतरी सांगितलं."

"तुझा काय दोष, बाळ? तुमच्या कोचच्या तोंडून सवयीनं गेला असेल. तुम्ही कधीपासून म्हणता तो?"

"आजपासून. सकाळी नाश्त्याला कोच लेनचा कागद घेऊन आल्या आणि म्हणाल्या, आज टायगर नको, मेबल म्हणा. तो लकी शब्द आहे म्हणाल्या."

मी तिला पाणी प्यायला पाठवलं. लेनचा कागद बघून. म्हणजे शुक्रवारी मिठी मारताना कदाचित डोक्यात नसेलही, पण शनिवारी अंडी खाताखाता, चार आणि पाच हे आकडे बघून, माझ्या पोरीला डोक्यात ठेवून.

मार्ला तंबूपाशी घड्याळं गोळा करत होती. मला बघून थांबली.

"कोच..."

"जवळ येऊ नकोस."

"शब्द माझाच होता. मीच काढला होता."

"काढलास तेव्हा आमची होतीस."

"मी नियम मोडला नाही."

"पंचांनी सांगितलं मला. अभिनंदन."

ती खाली बघत म्हणाली, "दुसरी कुठलीही कोच असती तर तिनं मार्चमध्येच बदलला असता. मला वाटलं, तुम्हीही बदलला असेल."

"खरंच वाटलं?"

ती हातातल्या घड्याळाची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. मला ती खोटं तरी बोलेल असं वाटलं होतं. तेवढीही तसदी तिनं घेतली नाही.

"तू आयोनला चार वर्षं शिकवलंस, मार्ला. त्या पोरीला बॅटन धरायला तू शिकवलंस."

"मला पहिल्याच वर्षी जिंकून दाखवायचं होतं, कोच," ती हळूच म्हणाली. त्यानंतर मी हर्डल उचलायला गेले.

दुपारी चार वाजता पार्किंगमध्ये आले तेव्हा चारही पोरी मेबलमध्ये बसल्या होत्या. केन्नाच्या गुडघ्यावर बर्फाची पिशवी होती. आयोन माझ्या शेजारी, मार्लाच्या जुन्या सीटवर. मी त्यांना सगळं सांगितलं, नाश्ता, लेनचा कागद, काही लपवलं नाही. मला वाटलं त्या मार्लाला शिव्या देतील. मलाही द्यायच्या होत्या, सगळ्यांनी मिळून दिल्या असत्या तर जरा हलकं वाटलं असतं.

आयोन समोरच्या काचेतून बघत होती.

"एप्रिलमध्ये मी सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली.

"हो. सांगितलं होतंस."

"तुमचा त्यांच्यावर विश्वास होता, ते ठीक आहे, कोच. पण हात माझा होता." तिचा आवाज चढला नव्हता. "तुम्हाला त्यांचं मन दुखवायचं नव्हतं. आमचं काय होईल, हे तुमच्या मनात आलं होतं का?"

बत्तीस वर्षं कोच आहे मी. पोरांना द्यायला माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं, नसलं तर दोन चकरा पळायला लावते. या पोरीला मात्र पळवून चालणार नव्हतं. आलं नव्हतं मनात. मार्लाचा मला राग होता, अजूनही आहे, पण आयोन मार्लाबद्दल बोलतच नव्हती.

"नाही आलं," मी म्हणाले. "माझी चूक झाली, आयोन."

तिनं मान हलवली आणि सीटचा पट्टा लावला.

मी किल्ली लावली. सवयीनं थांबले. मागे कुणी हललं नाही. केन्नानं बर्फाची पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली. कुणीही हाक मारली नाही, आणि मारा असं सांगायचं तोंड माझ्याकडे नव्हतं.

मी किल्ली फिरवली. मेबल पहिल्याच फटक्यात सुरू झाली. तेरा वर्षं आम्ही उगाचच ओरडत होतो.