आक्काने मागितलेली खिडकी

मिस्त्रींच्या कामाला तीस वर्षांत कुणी नावं ठेवली नव्हती. पण वस्तीतल्या दवाखान्याच्या नव्या डॉक्टरीणबाईंनी त्यांनी नुकतीच उभी केलेली तपासणीची खोली पाहिली आणि म्हणाल्या, "सुबक आहे हो, मिस्त्री. पण इथे येऊन बसणार कोण?"

प्रश्न खरा होता. साखरेचा आजार वस्तीत इतक्या घरांत का होतो, याचा अभ्यास तिथे सुरू व्हायचा होता, आणि संशोधन म्हटलं की वस्ती चार हात लांब राहायची.

"जे माणूस काही झालं तरी येणार नाही, त्यालाच विचारायला हवं," बाई म्हणाल्या. "आहे कुणी ओळखीचं?"

मिस्त्रींना हसू आलं. तसलं माणूस त्यांच्या घरातच होतं. त्यांची थोरली बहीण, आक्का. वीस वर्षांपूर्वी एका मोठ्या इस्पितळात दाजींचं पाच-सहा वेळा रक्त घेतलं होतं. कागदावर अंगठा उठवून घेतला आणि "अभ्यासाला लागतं" एवढंच सांगितलं. पुढे दाजी गेले. त्या रक्ताचं काय झालं, त्यातून काय कळलं, हे सांगायला कुणी फिरकलं नाही. तेव्हापासून तापाने फणफणली तरी आक्का दवाखान्याची पायरी चढत नसे.

"माझं काम बघायला तरी चल," मिस्त्रींनी गळ घातली.

"तुझं लाकूडकाम बघीन. सुईचं नाव काढलंस, तर याद राख!"

आली आणि थेट पेशंटच्या स्टुलावर जाऊन बसली. इकडेतिकडे बघत खोकत राहिली.

"दार पाठीशी आहे," शेवटी बाईंना म्हणाली. "मागून कोण येतंय कळत नाही, जीव धास्तावतो. आणि तुमची खुर्ची उंच, माझं स्टूल बुटकं. शाळेत शिक्षा झाल्यासारखं वाटतं."

बाई लिहून घेत होत्या. आक्काने कोपऱ्यातल्या बंद दाराकडे बोट केलं. "त्या पलीकडे काय?"

"रक्त तपासायची खोली."

"आमच्या ह्यांचं रक्त असल्याच एका दाराआड गेलं. आत गेलं ते गेलंच."

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी हळूच विचारलं, "मग काय करू या?"

"भिंत फोडा. दिसू दे आम्हाला."

मिस्त्रींनी जीभ चावली. आता बाई हात जोडणार आणि काम हातचं जाणार! पण बाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "किती दिवस लागतील, मिस्त्री?"

तीन आठवडे लागले. भिंतीत कमरेपासून वर रुंद काच बसली. खुर्च्या एका उंचीच्या झाल्या, दार समोर आलं, सोबतच्या माणसासाठी शेजारी बाकही झालं.

अभ्यास सुरू झाला त्या दिवशी आक्का आली. बाईंनी तिला कागद ओळ न् ओळ वाचून दाखवला. 'वाटेल तेव्हा सोडून जाता येईल' या ओळीवर आक्काने त्यांना थांबवलं.

"वाटेल तेव्हा?"

"वाटेल तेव्हा."

दंडाला पट्टा बांधून झाला, तशी आक्का म्हणाली, "सोडा. जाते मी."

मिस्त्रींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र मुकाट्याने पट्टा सोडला, दार उघडून धरलं आणि म्हणाल्या, "सावकाश जा, आक्का. अन् खोकल्याचं औषध काढून ठेवलंय, तेवढं घेऊन जा. त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

आक्का बाटली हातात घेऊन निघून गेली.

आठवड्याने ती आपणहून आली आणि खुर्चीत बसून तिने हात पुढे केला. "बोलता तसं वागता का, ते बघत होते," एवढंच म्हणाली.

रक्त घेतल्यावर ती काचेशी जाऊन उभी राहिली. आतल्या तपासनिसाने तिला खुणेने बोलावलं, एक थेंब काचपट्टीवर पसरला आणि सूक्ष्मदर्शक तिच्यापुढे सरकवला. आक्काने डोळा लावला.

"हलतंय," ती पुटपुटली. "वाटोळ्या वाटोळ्या... किती ह्या!"

"एका थेंबात लाखो पेशी," तपासनीस म्हणाला.

"सगळ्या माझ्याच?"

"तुमच्याच."

"मी झोपते तेव्हाही चालूच असतं हे?"

"तेव्हाही."

आक्का डोळा काढीना. काढला तेव्हा तो भरून आला होता. "आमच्या ह्यांच्यातही असंच असेल नाही? असा उजेड?" मग तिने भावाची बाही ओढली. "बघ रे. बघ तरी!"

मिस्त्री वाकले. त्यांची नजर सुताचा फरक हेरणारी. लाकूड असो की भिंत, माप घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. इथे मात्र मापच संपलं होतं. गुलाबीसर उजेडात चकत्याच चकत्या तरंगत होत्या, एकमेकींना टेकत होत्या, बाजूला होत होत्या. कुणी सांगितलं नाही, कुणी शिकवलं नाही, आणि जन्मभर हे अंगात बिनबोभाट चाललेलं! लहानपणी भूकंप झाला तेव्हा छाती धडधडली होती, आता धडधडली ती वेगळीच. श्वास घ्यायचाही त्यांना संकोच वाटू लागला.

मान वर केली तर काचेच्या पलीकडे वस्तीतल्या सात-आठ बायका नाक चपटं करून आत बघत होत्या. आक्काने पदराने डोळे पुसले आणि दार उघडून त्यांना दटावलं, "या गं, एकेक करून. अन् काचेवर हात नका लावू, पुसावी लागते ती!"