लाल कागदावरची पिल्लं

शेलूबाजारच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत जगदेवचं शेत आहे. दिवाळी झाल्यावर तिथे पाइपासाठी चर खणताना त्याचा धाकटा भाऊ पवन याच्या फावड्याखाली पांढुरकी, बोराएवढी अंडी निघाली. दोन-तीन फुटलीही. घोयऱ्याची अंडी, डोळे गरागरा फिरवणारा, रंग पालटणारा सरडा तो. पवन ती बांधापलीकडे भिरकावणार, तोच जगदेवची बायको ज्योत्स्ना आडवी आली.

"थांबा भाऊजी. त्यायनं तुमचं काय खाल्लं?"

वरची बाजू वरच ठेवत तिने अंडी मातीसकट टोपल्यात घेतली. सासू प्रयागबाई मात्र बिथरल्या. घोयऱ्याची फुंक लागली की माणूस वाळत जातो, असं त्यांचं ठाम मत. "घरात आनशीन तं तुया हातचं पानी पेनार नाई मी!"

मग टोपलं शेतातल्या गुरांच्या कोठ्यात राहिलं. ज्योत्स्ना मोबाइलवर शोधून वाचायची, माती सुकली की शिपका मारायची. एकदा पाणी जास्त झालं आणि काही अंड्यांना बुरशी चढली. त्या दिवशी ती स्वतःवरच चिडली.

होळीच्या तोंडावर माती हलली. बोटाच्या दोन पेरांएवढी पिल्लं एकेक करून वर आली, वाळल्या पानाच्या रंगाची. भोवतालचं शेत उघडं पडलेलं, आडोसा नव्हता. जरा धड झाली की ओढ्याकाठी सोडू, असं तिने ठरवलं. कोठ्यातच जाळी बांधून तिच्यात बोरीची फांदी रोवली. पिकल्या पपईची साल ठेवली, तिच्यावर चिलटं जमायची. पिल्लं भांड्यातलं पाणी पीत नाहीत, म्हणून पानांवर थेंब सोडायचे. जीभ सुटकन बाहेर येऊन चिलट नाहीसं व्हायचं, तेव्हा ज्योत्स्ना हातातलं काम विसरायची. प्रयागबाईही दारातून डोकावून जायच्या, पदर नाकाला लावून.

एके दिवशी ज्योत्स्ना बाजारातून परतली, तर जाळी सुटलेली, फांदी रिकामी. जगदेव मोबाइलवर व्हिडिओ पाहून हसत होता. पडद्यावर कारंज्याला नोकरीला असलेला पवन, आणि लाल कागदावर तिची पिल्लं. मग निळा कागद. एक बोट त्यांना मागून ढोसत होतं. पिल्लं लालही झाली नव्हती, निळीही नाही. भीतीने काळी पडली होती.

"हे कवा नेले त्यानं? तुमी नेऊ देले?"

"अवं, सरडेच तं हायेत. घरचाच पोरगा हाय, कायले एवढी गरम होतं?"

"घरचा हाय म्हून चोरी चालते?"

तिने पिशवी तिथेच टाकली आणि कारंज्याची एसटी धरली.

पवन मोबाइलच्या दुकानात कामाला होता. काउंटरवर मिठाईचा डबा, झाकण घट्ट लावलेलं. तिने ते उघडलं. दोन पिल्लं मेलेली, बाकीची एकमेकांवर चढलेली.

"वहिनी, लोकायले लय आवडलं ना!" पवन म्हणाला.

"त्यातल्या एकानं तरी इचारलं का, पिल्लू काळं काहून पडलं? रंग दाखवून नाई राह्यले होते ते, भाऊजी. मरून राह्यले होते!"

गिऱ्हाइकं वळून पाहू लागली. पवनचा आवाज खाली आला. "बरं, चुकलं. पन दुकानात तमाशा नोका करू."

"तमाशा तुमी केला. मी तं तो उचलाले आली. आंधी तो व्हिडिओ काढून टाका. नाई तं इथूनच फॉरेस्टच्या ऑफिसात जातो. हे जनावर धरनं गुन्हा हाय, समजलं?"

त्याने व्हिडिओ काढून टाकला. शेजारी उभा असलेला माणूस हसत म्हणाला, "ताई, आमच्या ग्रुपवर तं कवाचाच आलाय." ज्योत्स्नाने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने मोबाइल खिशात घातला.

दिवस मावळायच्या आत तिने वाचलेली पिल्लं ओढ्याकाठच्या झुडपांत वेगवेगळ्या फांद्यांवर सोडली. त्या संध्याकाळी जगदेवने चहा स्वतः करून घेतला.

रविवारी पवन जेवायला आला. "झालं ते झालं," जगदेव म्हणाला. ज्योत्स्नाने ताटं मांडली, पण पवनचं मांडलं नाही. बोलल्या त्या प्रयागबाई.

"पवन्या, आंधी ओढ्यावर जाऊन पाह्य, किती जगले ते. मंग जेव. ज्योत्स्ना, जाय त्याच्यासंगं."

ओढ्यावर पवन उन्हात फांद्या चाळत राहिला. त्याला एकही पिल्लू दिसलं नाही. ज्योत्स्नाला दोन दिसली. तिने ती त्याला दाखवली नाहीत.