तालमीची कुंडी

मी पुणतांब्यातल्या एका घराच्या ओट्यावर पडून असलेली सिमेंटची कुंडी. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. बाजारात मांडली तर कुणी उचलणार नाही. पण मला पंकजाने घडवलंय, आणि तिच्यावर जे बेतलं त्याविषयी या घरात आता कुणी बोलत नाही, म्हणून मी बोलते.

पंकजाचा नवरा रामहरी. गावात त्याचं पाण्याच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान आहे. लग्नानंतर मोबाईलवर बघून बघून पंकजाला बोनसायचा नाद लागला. विकतच्या कुंड्या दिसायला छान, पण उथळ. कोवळ्या झाडाला आधी पसरट, खोल जागा लागते. खोड भरलं, मुळं बसली की मग ते देखण्या कुंडीत जातं. ही मधली कुंडी तिने घरीच करायची ठरवली.

मोठ्या टबात लहान टब ठेवला, दोन्हींना जळकं तेल चोपडलं आणि मधल्या फटीत सिमेंट-वाळूचा गारा भरला. तळाला भोकं राहावीत म्हणून ठिबकच्या नळीचे तुकडे उभे केले. ओल्या गोणपाटाखाली मी बरेच दिवस निजून होते. बाहेर काढल्यावर तिने मला टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि स्वतःशीच हसली.

रामहरी म्हणाला, ही तर गव्हाण दिसते.

"तालमीची कुंडी हाय," ती म्हणाली. "इथं तयार झालं की झाड चांगल्या घरी जाईल."

माझ्यात तिने वडाची फांदी लावली. तिला मुळं फुटली, ती माझ्या अंगाला टेकली. रामहरीच्या दुकानातली तांब्याची तार फांद्यांना गुंडाळून पंकजा त्यांना वळण द्यायची. पावसाळ्याच्या तोंडावर झाड उपसून मुळं छाटायची आणि नव्या मातीत बसवायची. त्या वेळी ती गुणगुणत असे.

मग तिला दिवस गेले. चौथ्या महिन्यात पोट रिकामं झालं. सासू केशरबाई तिच्या उशाशी बसून राहिल्या, तिला हाताने भरवलं. दुसऱ्या खेपेलाही तेच झालं, तेव्हा भेटायला आलेली कुणी पाहुणी ओट्यावरच्या वडाकडे बघून काहीतरी बोलून गेली. ते केशरबाईंच्या मनात रुतलं.

एका दुपारी त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या. आवाजात राग नव्हता.

"ज्या वडाला आपुन सूत गुंडाळायचं, त्याचीच मुळं तू छाटती. पोरी, झाड खुंटवलेल्या घरात लेकरू कसं वाढंल?"

झाडाचा आणि पोटाचा काय संबंध, असं म्हणून पंकजाने ते हसण्यावारी नेलं. पण संध्याकाळी ती कात्री घेऊन आली आणि फांदीला न लावताच परत गेली.

तिसऱ्यांदा दिवस राहिले. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. तरी एका सकाळी ती भिंतीला धरत बाहेर आली आणि सगळी तार सोडवू लागली. सालीवर तारेचे वळ उठले होते. त्यांवरून तिने बोट फिरवलं. सासूचं बोलणं तिला खरं वाटत होतं असं नाही. तिला भीती वाटत होती. रामहरीने वड मातीसकट उपसला आणि कालव्याच्या कडेला नेऊन लावला. त्याच महिन्यात शेळ्यांनी तो बुडापर्यंत खाल्ला. हे त्याने ओट्यावर बसून मित्राला सांगितलं, घरात नाही.

मुलगी सातव्या महिन्यात झाली. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवली होती. पंकजा परत आली ती रिकाम्या हातांनी.

त्यानंतर घरात भांड्यांचाच काय तो आवाज. केशरबाई सुनेच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या. मग एके दिवशी त्यांनी गोठ्याच्या भिंतीत उगवलेलं वडाचं रोप हलक्या हाताने ओढून काढलं, ओल्या फडक्यात गुंडाळलं आणि ओट्यावर बसलेल्या पंकजापुढे धरलं.

"झाडाचं काय न्हवतं. म्या उगा बोलले. हे लाव."

पंकजाने रोप हातात घेतलं. गुंतलेली मुळं बोटाने सरळ केली. मला वाटलं, आता माती येईल.

"आई, ह्याला वळण द्यायचं म्हंजी छाटावं लागंल," ती म्हणाली. "आता माझ्याच्यानं कात्री धरवत न्हाई."

तिने रोप सासूच्या ओच्यात ठेवलं आणि आत गेली. केशरबाई तशाच बसून राहिल्या. ऊन ओट्यावर चढलं, फडकं वाळलं, पानं माना टाकत गेली. त्यांना उठायचं सुचलं नाही.

आता मी रिकामीच आहे. माझी भोकं बुजवून कोंबड्यांना पाणी ठेवावं, असं रामहरीच्या मनात होतं. पंकजाने नको म्हटलं. कशासाठी ठेवलंय मला, ते तिने सांगितलं नाही. कधी झाडताना ती मला सरकवते, तेवढाच तिचा हात लागतो.

कुणाचं घर कशाने रिकामं राहिलं, हे मला कळत नाही. तुम्हालाही कळत नसेल, तर माझ्यासारख्या वस्तूला खुशाल दोष द्या. मी सिमेंटची आहे, सोसेन. पण तेही लेकरू गमावलेल्या आईच्या कानावर पडेल असं बोलू नका.