सबवूफर रुळेपर्यंत

आमच्या ह्यांना सिनेमातले संवाद कळेनासे झाले, म्हणून त्यांनी सबवूफर, म्हणजे दणदणीत घुमणारा स्पीकर, आणला. कान तपासून घ्या, असं मी दोन वर्षं कानीकपाळी ओरडत होते. पण तीस वर्षं छापखान्यातल्या खडखडाटात काढलेल्या माणसाचे कान ठणठणीतच असणार. बिघडलेलं असतं ते जगाचं तोंड. हल्लीचे नट पुटपुटतात, दुकानदार पुटपुटतात आणि मी तर लग्नापासूनच पुटपुटते.

तर तो काळा डबा कपाटाशेजारी येऊन बसला. सिनेमा लावला. विमान थेट आमच्या खोलीतून गेलं, फडताळातल्या ताटल्या थरथरल्या. नायिका काय म्हणाली, ते मात्र ह्यांना कळलं नाहीच.

"बिघडलेला गळ्यात मारला वाटतं," हे म्हणाले.

लगेच माझ्या दिरांना बोलावणं गेलं. भाऊजी विमा कचेरीत कारकून, पण आवाजातलं त्यांना सगळं कळतं. त्यांच्या घरी त्यांना कोणी बोलू देत नाही, त्यामुळे ऐकण्याचा सराव दांडगा. डब्याला कान लावून ते म्हणाले, "वहिनी, नवा आहे तो. आतला पडदा ताठ असतो. शंभर तास वाजला की रुळतो. मग शब्दन्‌शब्द सुटा ऐकू येईल बघा."

"भाऊजी, मी या घरात आले आणि दुसऱ्याच दिवशी बारा माणसांचा स्वयंपाक माझ्यापुढे आला. मला नाही कोणी रुळायला शंभर तास दिले! आणि हा डबा नुसता घुमतो. शब्दांशी त्याचा संबंध काय?"

"ते तांत्रिक आहे," भाऊजी म्हणाले.

मग रोज सकाळी सहा तास डबा घुमू लागला. हे कॅलेंडरवर तास मांडत. खालच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई वर येऊन विचारून गेल्या, "गिरणी टाकलीत का?" मी म्हटलं, "नाही हो, डबा रुळतोय." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

सतरा दिवसांनी शंभर तास भरले. भाऊजी मुद्दाम आले. तोच सिनेमा, तेच विमान. नायिका बोलू लागली तसे हे खुर्चीत पुढे सरकले, डोळे बारीक करून तिच्या ओठांकडे बघत राहिले. मला चिडायचं होतं, पण चिडवेना.

"काहींना दोनशे लागतात," भाऊजी म्हणाले.

तेवढ्यात दूरदेशी असलेल्या लेकीचा फोन आला. ह्यांनी स्पीकरवर टाकला.

"बाबा, तुम्ही आजोबा होणार!"

"बरं, बरं. तब्येतीला जप," हे हसून म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

पलीकडून ती हळूच म्हणाली, "आई, बाबांना आनंद नाही झाला?"

"त्यांना कळलंच नाही गं. मी करते तुला फोन."

"काय म्हणाली?" ह्यांनी विचारलं. भाऊजींनी तोंड उघडलं, तसा मी हात वर केला. ह्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मी सांगणार नाही. तिच्याच तोंडून ऐका. उद्या कानाच्या डॉक्टरांकडे जायचं. नीट ऐकू यायला लागलं की तिला फोन लावायचा."

ह्यांचा चेहरा उतरला. "वाईट नाही ना काही?"

मी मान हलवली. नाही.

त्यांनी डब्याचं बटण बंद केलं. "सकाळी किती वाजता निघायचं?"