अर्ध्या कोयत्याची बैठक

ऊसतोडीचा मुकादम अजिनाथ चतुरा-बंकटच्या दारातच उभा राहिला. चतुरानं पाण्याचा तांब्या पुढं केला, तोही घेतला नाही.

"यंदा तुमा नवरा-बायकोचा कोयता माज्या टोळीत न्हाई," तो म्हणाला. "बंकट, गेल्या साली तू पिऊन फडातच पडायचा बे. ट्रॅक्टर तुज्यापाई उभा ऱ्हायचा."

"पन ऊस तर मी तोडला न्हवं?" चतुरा कडाडली. "मोळ्या मी वाहिल्या, शिडी चढून मी भरल्या. मंग माजं काम कावून काढायलात?"

"एकट्या बाईचा कोयता हुत न्हाई, बाई. टोळी निघायच्या आत नवरा शुद्धीवर आन. मंग बघू."

अजिनाथ गेला आणि त्याच्या मागोमाग बंकटही गेला, ढाब्याकडं. मी शेजारीण. कुडापलीकडून सगळं ऐकत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सगळा हंगाम त्या पोरीनं दोघांचं काम ओढलं आणि घरी बसायची पाळीही तिच्यावरच. गावात रोजगार नाही, रानात कुसळं. टोळी गेली की चूल कशावर पेटवायची?

वडवणीच्या बसस्टँडच्या भिंतीवर एक नंबर लिहिलेला होता, दारू सोडायची असेल तर फोन करा म्हणून. चतुरानं तो माझ्याकडून लावून घेतला. बाजाराच्या दिवशी दुपारी तिथल्याच शाळेच्या खोलीत दारू सोडणाऱ्यांची बैठक भरते, असं कळलं. तिनं बंकटला सांगितलं, विनवलं, शेवटी शिव्या दिल्या. तो कुशीवर वळून म्हणाला, "मला काय रोग झालाय व्हय?"

मग ती स्वतःच गेली. सोबतीला मला नेलं. खोलीत सगळे बाप्ये. एकेक जण उठून नाव सांगायचा, मी दारुडा आहे म्हणायचा, बाकीचे त्याला नावानं रामराम करायचे आणि मग तो आपली कर्मकहाणी सांगायचा. त्रिंबकराव म्हणून रिटायर कंडक्टर होते, तेच बैठक चालवायचे. त्यांनी चतुराला विचारलं, "ताई, तुमी पिता का?"

"न्हाई वो. नवरा पितो. पन आमचा एकच कोयता हाय."

त्रिंबकरावांना कळेना. तिनं समजावलं. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, हजेरी जोडीची. एक तापानं पडला तर दुसऱ्यानं ओढायचं, कोयता चालू राहतो. तसंच इथं ती बसणार होती, त्याच्या वाटची. मागं दोघं-तिघं हसले. माझी मान खाली गेली, पण चतुरा ताठ बसलेली.

"ताई, हे काम वाटून घेता येत न्हाई," त्रिंबकराव हळूच म्हणाले. "ज्याची त्यालाच सोडावी लागती. घरच्यांची बैठक निराळी, ती बीडला भरती."

"फडात त्याचं मी केलेलं चाललं. मंग हितंच कावून चालत न्हाई?" ती संतापून म्हणाली आणि उठली नाही. चहा प्यायली, सगळ्यांचं ऐकलं. पुढच्या बाजाराला पुन्हा जाऊन बसली. त्याच्या पुढच्यालाही.

आमच्या गावाला तेवढंच पाहिजे होतं. बंकटची बायको ढोसते, सोडवायला वडवणीला जाते, अशी बोंब उठली. जी माणसं बंकटला गटारीतून उचलून आणताना दात काढायची, तीच आता चतुराला पाहून नाक मुरडू लागली. एकीनं तर हळदी-कुंकवाला बोलावलं नाही. मी पाणवठ्यावर भांडले, पण कुणाकुणाचं तोंड धरणार?

पुढच्या बैठकीला खोलीचं दार धाडकन उघडलं. बंकट. प्यायलेला नव्हता, रागानं सरळ चतुरासमोर येऊन उभा राहिला.

"ऊठ! गावात तोंड दावायला जागा ठिवली न्हाई तू. बेवडी म्हनायलेत तुला! पारावर पोरं मला इचारायलेत, बायकूला किती लागती म्हनून!"

"म्हनू द्या," चतुरा म्हणाली.

"म्हनू द्या कसं?" तो बाप्यांकडं वळला. "ऐका बे समदे! हिनं थेंबाला हात लावला न्हाई कदी. पितो मी! बेवडा मी हाय, मी, बंकट!"

मग मागून कुणीतरी म्हणालं, "रामराम, बंकट." त्रिंबकरावांनी खुर्ची सरकवली. बंकटनं इकडं तिकडं पाहिलं, आणि काय झालं कुणास ठाऊक, मटकन खाली बसला.

मला वाटलं, चतुराचे डोळे भरतील. तिनं पिशवी उचलली आणि तरातरा बाहेर पडली. मी मागं पळाले.

"अगं, बसला की तो! आता तरी हास."

"कशाला हासू, मावशी?" ती गरकन वळली. तोंड लालबुंद. "मोळ्या वाहून माजी कंबर गेली, तवा त्येला काय वाटलं न्हाई. फडातल्या पाचटावर रडत बसले, तवा न्हाई. लोकं त्येला हासली तवाच झोंबलं. मी मेले असते तरी ह्यो हितं आला नसता."

तिचं खोटं नव्हतं.

बस लागली होती. आम्ही चढलो. कंडक्टरनं विचारलं, "मागं कुणी हाय का?"

"हाय," चतुरा म्हणाली. "पन त्येचं त्यो यील."