साडूचा स्ट्रोक

साडूने नवा पटर आणला त्या रविवारपासून दातांच्या डॉक्टरांच्या पोटात दुखायला लागलं. पटर म्हणजे गोल्फमधली ती शेवटची काठी, ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, पोचलेला चेंडू हळूच भोकात ढकलायची. बाकीच्या काठ्यांनी माणूस ताकद दाखवतो, या एका काठीने अक्कल दाखवतो, असं त्यांचे सासरे म्हणायचे. आणि त्या रविवारी सासरे धाकट्या जावयाकडे बघून सारखे "वा! वा!" म्हणत होते. डॉक्टरांनीही एक लांबचा चेंडू घातला होता. पण सासरे नेमके तेव्हाच चष्मा पुसत होते.

धाकट्याचा फरशांचा धंदा होता. मोठ्याने हसणारा, सगळ्यांना चहा पाजणारा गडी. नावं ठेवायला जागाच ठेवायचा नाही, आणि डॉक्टरांना राग यायचा तो याचाच. तो घरात येईपर्यंत डॉक्टर एकुलते एक जावई होते. त्यांचे स्वतःचे वडील ते शाळेत असतानाच गेले. लग्नानंतर सासऱ्यांनीच त्यांना दिवाणखान्यातल्या गालिच्यावर उभं करून, पेला आडवा ठेवून, चेंडू कसा ढकलायचा ते शिकवलं होतं. क्लबातल्या वार्षिक जोडीच्या सामन्यात सासऱ्यांचा जोडीदार म्हणून दरवर्षी डॉक्टरच उतरायचे. यंदा सासऱ्यांनी जाहीर करून टाकलं होतं, "गुडघे आता नको म्हणतात. ही शेवटची खेप. जोडीला कोण ते पुढच्या रविवारी खेळून झाल्यावर सांगतो."

म्हणजे यंदा ते ठरलेलं नव्हतं! त्या रात्री डॉक्टर अर्ध्या जेवणावरून उठले.

"अहो, इतकं काय मनाला लावून घेता?" बायको म्हणाली. "छोटीच्या नवऱ्याने नवी काठी घेतली, तुम्हीही घ्या."

ती हे आपलं विषय मिटवायला म्हणाली. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी दुपारच्या दोन दाढा पुढे ढकलल्या आणि पटरचं दुकान गाठलं.

दुकानातल्या बाई घाईत विकणाऱ्यांतल्या नव्हत्या. काचेमागे नकली हिरवळीची लांब पट्टी होती, वर कॅमेरा आणि बाजूला मारलेला चेंडू दाखवणारा पडदा. त्यांनी दोन पटर पुढे ठेवले. एकाचं डोकं सुरीच्या पात्यासारखं अरुंद, दुसऱ्याचं डब्यासारखं जाड. मग एकेकाची दांडी आडवी करून बोटावर तोलून दाखवली. डब्यासारख्याचं तोंड छताकडे बघत राहिलं, अरुंदाचं टोक खाली लोंबलं.

"टोक लोंबतं तो पटर वळणाच्या स्ट्रोकला बरा," बाई म्हणाल्या, "आणि वर बघतो तो सरळ मागे, सरळ पुढे मारणाऱ्याला. वजनही हाताला साजलं पाहिजे, नाहीतर चेंडू किती लांब जाईल याचा अंदाज चुकतो. तुम्ही नेहमी मारता तसे काही चेंडू मारा. मग बघू."

आता खरं तर डॉक्टरांचा स्ट्रोक वळणाचा. दार अलगद उघडावं आणि लोटावं तशी त्यांची काठी किंचित वळत मागे जायची आणि वळत पुढे यायची. त्यांचे चेंडू भोकाच्या काठापाशी दमून आत पडायचे. पण चेंडूसमोर उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांपुढे धाकटा आला. पाय फाकलेले, मनगटं ताठ, नुसते खांदे हलताहेत, आणि शेजारी सासरे "वा!" म्हणताहेत. डॉक्टरांनी पाय फाकवले, मनगटं आवळली आणि हुबेहूब धाकट्यासारखा चेंडू मारला. दातांवर टोप्या बसवणाऱ्या माणसाला नक्कल काय अवघड! सपाट पट्टीवर चेंडू सरळ गेले.

"नेहमी असंच मारता?" बाईंनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं. "हात जरा अवघडल्यासारखे दिसतायत."

"छे! पहिल्यापासून हेच."

"मग तुम्हाला हा जाड, जड डोक्याचा."

तो धाकट्याकडे होता त्याच जातीचा पटर निघाला, वजनानेही तोच. डॉक्टरांना इतका आनंद झाला, जणू यंत्रानेच दाखला दिला होता की तुम्ही त्याच्यापेक्षा तसूभरही कमी नाही. दाखला तर यंत्राने दिला होता, पण धाकट्याला! हे मात्र शहाण्या माणसाच्या लक्षात आलं नाही. जुना पटर त्यांनी घरी येताच माळ्यावर टाकला.

पुढचा रविवार उजाडला. तिघं खेळायला उतरले. डॉक्टरांच्या हातातला पटर बघून धाकटा मनापासून हसला. "अरे वा, डॉक्टर! आपण जुळे झालो की!"

डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सासऱ्यांनी पटर हातात घेतला, तोलून पाहिला आणि परत दिला.

पहिल्या काही ग्रीनवर निभावलं. पण खरी जमीन म्हणजे दुकानातली पट्टी नव्हे. चढावर चेंडू अर्ध्या वाटेत बसायला लागला. म्हणून डॉक्टरांनी जोर वाढवला, तर उतारावर तो भोकाला वळसा घालून पार पलीकडे. हातांना वळायचं होतं आणि डॉक्टर त्यांना वळू देत नव्हते. प्रत्येक चेंडूमागे ते तिरक्या नजरेने धाकट्याची मनगटं बघायचे आणि आपली आणखी आवळायचे. धाकटा आपला शीळ घालत चेंडू आत सोडत होता. फरशा बसवून बसवून त्याला जमिनीचा उतार पायांनाच कळायचा. डॉक्टरांना त्याच्या पायांचाही हेवा वाटला.

शेवटच्या ग्रीनवर डॉक्टरांचा चेंडू भोकापासून चार पावलांवर होता. एरवी डोळे मिटून घातला असता. त्यांनी पाय फाकवले. चेंडू भोकावरून धावत गेला आणि गवताच्या कडेला जाऊन थांबला. तिथून परत मारला, तो अलीकडेच राहिला. धाकट्याने चट्कन दुसरीकडे तोंड फिरवलं, आणि ते त्याचं कनवाळूपण डॉक्टरांना सगळ्यांत झोंबलं.

सासरे काठी टेकत जवळ आले. "डॉक्टर, हा धाकट्यांचा स्ट्रोक आहे."

"नाही बाबा, पटर नवा आहे ना, हात बसायला..."

"मला ओळखता येत नाही का? तुम्हाला मीच शिकवलंय." सासऱ्यांचा आवाज चढला नव्हता. "सकाळपासून मी तुमची वाट बघतोय. तुम्ही आज आलाच नाहीत. आणि धाकट्यांचाच स्ट्रोक घ्यायचा, तर मी धाकट्यांनाच घेतो की."

झालं. "बरोबर आहे बाबा," एवढं डॉक्टर कसंबसं म्हणाले. सासरे सावकाश चालत चहाकडे गेले.

गाड्यांपाशी धाकटा डॉक्टरांच्या मागून आला. त्याचा चेहरा पडलेला होता.

"डॉक्टर, एक सांगू? रागावणार नाही ना?"

"बोला."

"लग्न झाल्यावर पहिली दोन वर्षं मी तुमच्यावर नुसता जळत होतो. बाबांच्या तोंडी सारखं तुमच्या हाताचं कौतुक. चेंडू कसा काठावर येऊन दमतो, बघा म्हणे डॉक्टरांकडे! मी रोज गोदाम बंद झालं की फरशीवर चेंडू ठेवून तुमच्यासारखी मनगटं वळवत बसायचो. ढिम्म जमेना. एकदा छोटीने पाहिलं. काय करताय म्हणाली. मी सांगून टाकलं, डॉक्टरांची नक्कल करतोय. अशी हसली! मग मीही हसलो, आणि तो नाद सुटला. त्यानंतर कुठे मला खेळता यायला लागलं."

'मीसुद्धा' हा शब्द डॉक्टरांच्या ओठांवर आला होता. तेवढा बोलले असते तर दोघंही तिथेच पोट धरून हसले असते. पण तो शब्द काही बाहेर पडेना. जी जळजळ आपली एकट्याची म्हणून ते उराशी धरून बसले होते, तीसुद्धा या माणसाने त्यांच्या आधी भोगली होती, बायकोला सांगून टाकली होती आणि हसून संपवलीही होती.

"असं होय," ते म्हणाले आणि गाडीत बसले. त्या क्षणी धाकट्याचा त्यांना जितका हेवा वाटला, तितका आजवर कधीच वाटला नव्हता.